सरकारी कुंभार आणि क्वालीची लादी

इ. स. १९५१ च्या सुमारास ब्रिटिश अंमलाखालील नायजेरियाच्या व्यापार व उद्योग खात्यात एक नवा हुद्दा भरण्यात आला. जंगलखात्याचे, शेतकीखात्याचे, खाणींचे आणि रेल्वेचे अंमलदार त्या मुलखाच्या परिचयाचे होते. परंतु या नव्या अंमलदाराच्या हुद्द्याचे नाव होते ‘पॉटरी ऑफिसर’, आणि त्याचा आपल्या भाषेत सरळ अर्थ करावयाचा तर तो ‘सरकारी कुंभार’ असाच करावा लागेल. या हुद्द्यावर रुजू झालेला मायकेल कार्ड्यू हा पन्नाशीला टेकलेला इंग्रज गृहस्थ खरोखरच हाताने चाक फिरवणारा, स्वतः भट्टी रचणारा आणि तिच्या तोंडाशी रात्रभर लाकडे सारीत बसणारा कुंभार होता. पुढची सुमारे पंधरा वर्षे त्याने नायजेरियाच्या उत्तर भागातील अबूजा नावाच्या एका लहान गावी काढली, आणि त्या गावच्या भट्टीतून जी भांडी बाहेर पडली त्यांनी विसाव्या शतकातील मृत्कलेच्या इतिहासात एक स्वतंत्र प्रकरण घातले. या प्रकरणाचा नायक कोण, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही.

कार्ड्यूचा जन्म १९०१ साली लंडनजवळच्या विम्बल्डन येथे एका सुखवस्तू सरकारी नोकराच्या घरी झाला. वडिलांना डेव्हन परगण्यातील फिशली नावाच्या कुंभारघराण्याची भांडी जमवण्याचा नाद होता. सुट्टीसाठी कुटुंब समुद्रकाठी गेले म्हणजे ही भांडी विकत घ्यावयाची आणि जेवणाच्या टेबलावर ती नित्य वापरावयाची, असा त्या घरचा परिपाठ होता. मोठेपणी ज्याला आपण संस्कार म्हणतो तो पुष्कळदा असा ताटावाटीतून झालेला असतो. पुढे ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात ग्रीक आणि लॅटिन यांचा अभ्यास चालू असतानाही त्याचे चित्त मातीतच गुंतले होते. त्याच फिशली घराण्यातील विल्यम फिशली हॉलंड याच्याकडे, ब्रॉन्टनच्या कारखान्यात, त्याने चाकावर हात बसवून घेतला होता. पदवी पदरात पडताच, १९२३ साली, त्याने कॉर्नवॉलमधील सेंट आयव्ह्ज हे बंदर गाठले. तेथे जपानातून परतलेला बर्नार्ड लीच आणि त्याच्याबरोबर आलेला शोजी हामादा या दोघांनी १९२० साली एक कार्यशाळा थाटली होती, आणि त्या कार्यशाळेचा पहिला विद्यार्थी म्हणून कार्ड्यूचे नाव आज सांगितले जाते. लीचच्या वर्तुळात एक विचार श्रद्धेच्या पातळीवर मानला जात असे: जपानी विचारवंत सोएत्सु यानागी याने मांडलेला, की उत्तम भांडे हे निनावी कारागिराच्या हातचे असते, स्वतःचे नाव ज्याला ठाऊक करावयाचे नाही अशा माणसाच्या हातून सौंदर्य आपोआप निपजते. या विचाराची अबूजात काय गत झाली ते पुढे येईलच.

लीचकडे तीन वर्षे काढून १९२६ साली कार्ड्यूने ग्लॉस्टरशायरमधील विंचकूमजवळची, पहिल्या महायुद्धाच्या आरंभापासून थंड पडलेली एक जुनी भट्टी भाड्याने घेतली. इलायजा कम्फर्ट हा त्याच भट्टीवरचा जुना कारागीर चाकावर परत आला, सिडनी टस्टिन हा गावातला पोरगा हाताखाली आला, आणि दहा वर्षांनंतर आलेल्या रे फिंच याने पुढे ती कार्यशाळाच चालवली. येथे कार्ड्यूने जी भांडी केली ती इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील जुन्या परंपरेची होती: तांबूस मातीचा घट, त्याच्यावर पातळ कालवलेल्या पांढऱ्या मातीचा लेप, तो ओला असतानाच बोटाने किंवा शिंगाच्या नळीने ओढलेल्या रेषा, आणि वरून मधासारख्या रंगाची शिशाची झिलई. सायडरच्या सुरया, दुधाचे जग, भाजणीची पसरट परळे अशी ती सगळी घरगुती वापराची भांडी होती, आणि किंमतही अशी ठेवलेली की शेजारच्या शेतकऱ्याला ती परवडावीत. जाणकार आजही ही भांडी कार्ड्यूच्या आयुष्यातील सर्वांत प्रसन्न निर्मिती मानतात, आणि माझेही मत त्यांच्याहून निराळे नाही. परंतु शेतकरी ती घेईनासा झाला होता. कारखान्यात साच्यातून निघणारी पांढरीशुभ्र भांडी आणि पत्र्याच्या बादल्या यांनी खेड्यातील कुंभाराचे गिऱ्हाईक केव्हाच पळवले होते. कार्ड्यूची भांडी आता शहरातील रसिक घेत होते, आणि ती विस्तवावर चढण्याऐवजी फडताळात बसत होती. ज्या समाजात मडके अजून खरोखर लागते अशा समाजात जाऊन मडकी करावीत, ही ओढ त्याला तेव्हापासून लागली असावी असे त्याच्या पुढील चरित्राकडे पाहून वाटते.

ती संधी युद्धाने आणून दिली. १९३९ साली त्याने कॉर्नवॉलमध्ये वेनफर्ड ब्रिज येथील एक जुनी सराई विकत घेऊन तेथे नवी भट्टी बांधावयास घेतली होती; पण पत्नी आणि तीन मुलगे यांचा संसार त्या धंद्यावर चालेना. १९४२ साली पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, अचिमोटा कॉलेजात कुंभारकाम शिकवण्याची जागा हॅरी डेव्हिस या दुसऱ्या लीच-शिष्याकडून रिकामी झाली, आणि कार्ड्यूने ती पत्करली. युद्धामुळे विलायतेहून येणारा माल दुर्मीळ झाला होता. कौले, विटा आणि भांडी तेथल्या तेथेच व्हावीत अशी सरकारची निकड होती, आणि त्यासाठी अलाजो येथे कारखाना उभारण्यात आला. कवीच्या वृत्तीचा एक कुंभार एकाएकी सरकारी मालाच्या मागण्या, मजुरांची हजेरी आणि जमाखर्चाची दप्तरे यांच्यात सापडला. भट्ट्या दगा देत होत्या, माल तडकत होता, आणि युद्ध संपताच, १९४५ साली, सरकारने तो कारखाना बंद केला.

दुसरा कोणी असता तर येथून मायदेशी परतला असता. कार्ड्यू परतला नाही. व्होल्टा नदीच्या काठी व्हूमे या गावी, जेथील बायका पिढ्यान्‌पिढ्या मडकी करीत आल्या होत्या, तेथे स्वतःच्या तुटपुंज्या पैशावर त्याने एक लहानशी भट्टी उभारली; मोठा कारखाना फसला तरी मूळ कल्पना खोटी नव्हती, हे स्वतःपुरते का होईना, सिद्ध करण्याचा तो आग्रह होता. तीन वर्षे त्याने तेथे एकट्याने काढली. एकामागून एक भट्ट्या बिघडल्या. महिन्यांची मेहनत एका रात्रीत वेडीवाकडी होऊन हाती आली. शेवटी प्रकृतीने जबाब दिला आणि १९४८ साली त्याला इंग्लंडला परतावे लागले. त्या तीन वर्षांतून शाबूत उरलेली भांडी थोडी आहेत. नदीच्या खोल पाण्यासारखी हिरवट-काळी, कांस्याची आठवण करून देणारी त्यांची झिलई पाहिली म्हणजे, एवढ्या अपयशाच्या राशीतून एवढे शांत भांडे कसे निघाले, याचे नवल वाटल्याखेरीज राहत नाही. आज ती संग्रहालयांच्या अभिमानाची वस्तू झाली आहेत. हिशेबाने पाहिले तर व्हूमेचा उद्योग सर्वस्वी बुडीत खाती गेला. परंतु अबूजा समजावयाचे असेल तर व्हूमे विसरून चालणार नाही, कारण परक्या मुलखातील माती आपल्या मनाप्रमाणे वागत नाही, आधी तिचे ऐकावे लागते, हा धडा त्याने येथे घेतला.

आता अबूजाविषयी थोडे सांगितले पाहिजे. नायजेरियाची जी नवी राजधानी आज या नावाने ओळखली जाते ती ही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उस्मान दान फोदियो याच्या नेतृत्वाखाली फुलानी लोकांनी जे धर्मयुद्ध पुकारले, त्यात झारियाच्या जुन्या हौसा राजघराण्याची गादी गेली. परागंदा झालेल्या त्या घराण्याने दक्षिणेकडील डोंगराळ मुलखाचा आश्रय घेतला, आणि १८२८ च्या सुमारास अबू जा, म्हणजे ‘तांबूस वर्णाचा अबू’, या राजाने तेथे तटबंदीचे गाव वसवले. राजधानी शत्रूच्या हाती गेली तरी गादी जिवंत ठेवावयाची, ही गोष्ट जिंजीचे दिवस वाचलेल्या मराठी वाचकाला निराळी समजावून सांगावयास नको. या मुलखातील मूळच्या रहिवाशांना ग्वारी म्हणतात. आजूबाजूच्या हौसा गावांत कुंभारकाम पुष्कळ ठिकाणी पुरुषांच्या हाती असले, तरी ग्वारी समाजात ती संपूर्णपणे बायकांची विद्या होती, आणि तिच्यात चाकाला स्थानच नव्हते.

नेमणुकीच्या आगेमागे कार्ड्यूने मुलूखभर हिंडून कोठे कोणती माती आहे, कोण कशी मडकी करतो, लाकूडफाटा कोठे मिळेल याची पाहणी केली. त्या फिरतीत अबूजाचे अमीर सुलेमान बारौ यांच्या वाड्यात त्याने काही पाण्याच्या घागरी पाहिल्या. अमीर स्वतः शिक्षकी पेशातून गादीवर आलेले, सुविद्य आणि रसिक गृहस्थ होते, आणि जवळच्या क्वाली गावातील एका कुंभारणीच्या या घागरी त्यांनी आवडीने वाड्यात ठेवल्या होत्या. घेरदार पोट, आखूड मान, आणि सर्व अंगभर कोरलेल्या पट्ट्यांतून सरडे, मगरी, विंचू, साप, पक्षी यांच्या आकृती अशा शिस्तीने बसवलेल्या, की चित्रामुळे घागरीचा घाट कोठे मोडत नाही आणि घाटामुळे चित्र कोठे आखडत नाही. ज्याने अर्धे आयुष्य मडक्याच्या रेषेमागे घालवले होते त्या माणसाला या घागरी करणारा हात केवढा आहे हे ओळखण्यास वेळ लागला नाही. करणारणीचे नाव होते लादी. हौसा भाषेत रविवारी जन्मलेल्या मुलीला हे नाव देतात. क्वाली हे तिच्या गावाचे नाव. १९२५ च्या सुमारास जन्मलेली ही मुलगी लहानपणीच आपल्या मावशीच्या हाताखाली ही विद्या शिकली होती.

१९५२ साली अबूजा येथे सरकारी कुंभारशाळा सुरू झाली. इमारती स्थानिक रीतीच्या, मातीच्या भिंतींच्या आणि गवताने शाकारलेल्या छपरांच्या. उत्तर नायजेरियातील निरनिराळ्या ठिकाणांहून तरुण उमेदवार येत, आणि त्यांना पायाने फिरवावयाचे चाक, झिलई, आणि लाकडावर १,२५० अंशांच्या वर तापणारी बंदिस्त भट्टी या तीन गोष्टी शिकवल्या जात. आपल्याकडे लोणच्याची बरणी ज्या जातीच्या मातीची असते, दगडासारखी टणक आणि पाणी न झिरपणारी, त्या जातीची भांडी येथे करावयाची होती. त्यासाठी बाहेरून तयार मसाला मागवणे कार्ड्यूला मंजूर नव्हते. डोंगरातली गारगोटी आणि फेल्डस्पार, ओढ्याकाठची चिकणमाती, पांढरे केओलिन, चुलीतली राख, जे काही त्या पंचक्रोशीत सापडेल ते कुटून, चाळून, निवळून त्यातूनच माती आणि झिलई सिद्ध व्हावयाची. दगडाची ओळख नसलेला कुंभार अर्धाच कुंभार, ही त्याची शिकवण होती. पुढे १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पायोनियर पॉटरी’ या त्याच्या ग्रंथात भूगर्भशास्त्राला जे मानाचे पान मिळाले आहे त्याचे मूळ अबूजाच्या या कष्टांत आहे. गोल्ड कोस्टमधला त्याचा शागीर्द क्लेमेंट कोफी अथे येथे येऊन त्याचा उजवा हात बनला.

१९५४ साली लादी क्वाली या शाळेत दाखल झाली. शाळेत आलेली ती पहिली स्त्री.

येथे क्षणभर थांबून तिची कृती डोळ्यांपुढे आणली पाहिजे, कारण सगळ्या कथेचा गाभा त्या कृतीत आहे. आपल्या खेड्यातील कुंभार चाक फिरवतो आणि स्वतः जागेवर बसतो. ग्वारी कुंभारीण मडके जागेवर ठेवते आणि स्वतः त्याच्याभोवती फिरते. बुडाचा गोळा आतून वर ओढून घेतला की त्याच्यावर मातीच्या जाड वळ्या एकावर एक बसवावयाच्या, आणि कमरेत वाकून, एक हात आत व एक बाहेर ठेवून, उलट्या पावलांनी प्रदक्षिणा घालीत त्या वळ्या वर वर पातळ करीत न्यावयाच्या. हातात भोपळ्याच्या कवटीचा एक तुकडा, तेवढेच अवजार. चाकावरच्या भांड्याची गोलाई यंत्राने दिलेली असते; या भांड्याची गोलाई पावलांच्या लयीने दिलेली असते, आणि म्हणून तिच्यात एक अशी सूक्ष्म हालचाल उरते की जी चाकाला कधीच साधत नाही. घाट पुरा झाला की लाकडाच्या लहानशा कोरीव लाटण्याने पट्टे उमटवावयाचे आणि मग आकृत्या रेखाटावयाच्या. रूढ पद्धतीत अशी मडकी वाळल्यावर उघड्यावर, गवत आणि सरपण यांच्या ढिगात भाजली जात. आपल्या आव्याशी त्या पद्धतीचे नाते सहज ओळखू येईल.

कार्ड्यूपुढे प्रश्न असा होता की या विद्येचे करावयाचे काय. सरकारी धोरणाप्रमाणे पाहिले तर शाळेचे प्रयोजनच मुळी जुन्या पद्धतीच्या जागी नवी आणणे हे होते. वसाहतींतील कारागिरी ‘सुधारण्याचा’ हा विचार ब्रिटिश अंमलात सर्वत्र होता. आपल्या मुंबईतही १८७० नंतरच्या दशकात जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचा प्रमुख जॉर्ज टेरी याने सिंधी कुंभारांची झिलई आणि अजिंठ्याची चित्रे एकत्र आणून भांड्यांची शाखा चालवली होती. परंतु लादी क्वालीच्या घागरीला चाकावर चढवून सुधारावे असा उद्योग कार्ड्यूने केला नाही. पुढे ती चाकावरही बसली, वाडगे आणि ताटल्या काढू लागली. पण मोठी घागर ती करी ती आपल्याच रीतीने, पावलांनी. बदलले ते एवढेच की माती शाळेची आली, कोरलेल्या रेषांत पांढऱ्या मातीचा लेप भरला जाऊ लागला, आणि वरून हिरवट सेलॅडनची किंवा गडद तपकिरी झिलई चढून ती घागर बंदिस्त भट्टीत जाऊ लागली. झिलई रेषेच्या खोलगटीत दाटून राहते आणि उंचवट्यावरून ओसरते. त्यामुळे सरडा आणि विंचू जणू उथळ पाण्याच्या तळाशी स्वस्थ बसले आहेत असे दिसू लागले. हे सौंदर्य ना एकट्या ग्वारी परंपरेत होते, ना एकट्या सेंट आयव्ह्जमध्ये.

मात्र या सौंदर्यापायी एक गोष्ट गमावली. उघड्या आव्यात भाजलेल्या घागरीच्या अंगातून पाणी पाझरते, वाऱ्याने ते उडून जाते आणि आतले पाणी गार राहते. उन्हाळ्यात माठाचे पाणी प्यालेल्या माणसाला हे सांगावयास नको. झिलई चढवून दगडासारखी भाजलेली घागर पाझरत नाही, आणि म्हणून तिच्यातले पाणी गारही होत नाही. क्वालीच्या घरात जी घागर पाणी गार करीत होती, ती अबूजाच्या भट्टीतून निघाल्यावर पाहण्याची वस्तू झाली. शाळेची परातीसारखी पसरट भांडी, झाकणाची कढई, चहाची किटली आणि मोठे जग हे प्रामुख्याने त्या मुलखात राहणारे युरोपीय अंमलदार आणि शिक्षक घेत. गावातली बाई आपल्या जुन्या मडक्यावर किंवा बाजारातल्या एनॅमलच्या भांड्यावर समाधानी होती. विंचकूमच्या शेतकऱ्याने ज्या गिऱ्हाइकाकडे कार्ड्यूला ढकलले होते, त्याच प्रकारचे गिऱ्हाईक येथेही त्याच्या वाट्याला आले. देशी उद्योग उभा करावा ही सरकारची अपेक्षा होती; ती या शाळेने पुरी केली असे मला म्हणता येत नाही. जे उभे राहिले ते कलेचे होते, आणि ते सरकारी तिजोरीच्या आधारावर उभे होते.

तरीही शाळेची एक रीत मला फार मोलाची वाटते. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी अबूजाची मुद्रा असे, आणि तिच्या शेजारी करणाऱ्याची स्वतंत्र मुद्रा. लादी क्वालीच्या नावाची आद्याक्षरे तिच्या घागरींवर आहेत. निनावी कारागिराच्या थोरवीवर पोसलेल्या परंपरेतून आलेल्या गुरूने आपल्या शिष्यांची नावे मातीत उमटवली. वसाहतीच्या इतिहासात असंख्य आफ्रिकी कारागिरांची कामे ‘अमुक जमातीचे भांडे’ एवढ्याच चिठ्ठीखाली संग्रहालयांत पडून आहेत. ही घागर अमक्या बाईची, हे येथे बुडाशी ठसलेले राहिले. हलिमा औदू, असिबी इदो, कांदे उशाफा या तिच्यामागून आलेल्या कुंभारणींची नावेही आपल्याला त्यामुळेच ठाऊक आहेत.

१९५८ साली लंडनच्या बर्कली गॅलरीत अबूजाच्या भांड्यांचे प्रदर्शन भरले, १९५९ आणि १९६२ मध्येही भरले, आणि प्रत्येक वेळी लोकांची नजर त्या घागरींवर खिळली. मधल्या काळात, १ ऑक्टोबर १९६० रोजी, नायजेरिया स्वतंत्र झाला होता. १९६२ साली ब्रिटिश राणीकडून लादी क्वालीला एम. बी. ई. हा किताब मिळाला. तिच्या गुरूला तोच किताब मिळावयास १९६४ साल उजाडले. ती विलायतेत गेली तेव्हा कुंभारकामाच्या विद्यार्थ्यांपुढे तिने आपली कृती करून दाखवली. चाकाखेरीज कुंभार म्हणजे काय हे ज्यांनी कधी पाहिले नव्हते, त्यांच्यापुढे एक स्त्री मातीभोवती उलट्या पावलांनी फिरू लागली, आणि पाहता पाहता मोठी घागर उभी राहिली. १९६५ साली कार्ड्यू निवृत्त होऊन वेनफर्ड ब्रिजला परतला आणि शाळेचे काम मायकेल ओब्रायन या त्याच्या शिष्याने हाती घेतले. १९७२ साली वयाची सत्तरी ओलांडलेला कार्ड्यू, लादी क्वाली आणि कोफी अथे अशा तिघांनी अमेरिकेचा दौरा केला; ठिकठिकाणी कार्ड्यू बोले, आणि ती मडके करी.

उतारवयात कार्ड्यूच्या सराईत दूरदूरचे शिष्य येत राहिले, आणि डॅनलामी अलियू हा नायजेरियन तरुण तर अबूजात शिकून मग वेनफर्ड ब्रिजला आला. परंतु या परंपरेतील सर्वांत अर्थपूर्ण दुवा मला निराळाच वाटतो. मॅग्डलीन ओडुंडो ही केनियात जन्मलेली तरुणी १९७१ मध्ये इंग्लंडला शिकावयास आली. तिला कार्ड्यू भेटला, आणि त्या भेटीतून ती १९७४ च्या सुमारास अबूजाला लादी क्वाली आणि तिच्या सहकारिणींच्या हाताखाली जाऊन पोहोचली. आज जगातील अग्रगण्य मृत्कलावंतांत तिची गणना होते. तिची भांडी हाताने उभारलेली, घोटून गुळगुळीत केलेली, आणि आगीनेच तांबडी किंवा धुराने काळी झालेली असतात. त्यांच्यावर झिलई नाही. इंग्रज गुरूने अबूजात चाक, झिलई आणि भट्टी नेली. तेथून निघून जगाच्या कलेत जे शिरले ते त्या गावचे हात आणि पाऊल. या कथेचा नायक कोण हा प्रश्न मी आरंभी टाकला होता. माझे उत्तर लादी क्वाली असे आहे. आणि ज्या घागरीला सुधारण्याची गरज नाही ती ओळखून, करणारणीच्या वाटेतून बाजूला सरण्याची बुद्धी ज्याला झाली, त्या कार्ड्यूचा शिक्षक म्हणून मोठेपणा मी त्यातच मानतो.

कार्ड्यू १९८३ साली वारला. लादी क्वालीला १९७७ मध्ये झारियाच्या अहमदू बेल्लो विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली, आणि १९८४ साली ती मिन्ना येथे निवर्तली. त्याआधीच, १९७६ साली, नायजेरियाने आपली नवी राजधानी बांधावयास घेतली आणि तिच्यासाठी अबूजा हे नाव घेतले. जुन्या गावाला, घागरींची पारख असलेल्या त्या अमीरांच्या नावावरून, सुलेजा हे नाव मिळाले. सरकारी कुंभारशाळेला आज डॉक्टर लादी क्वाली हिचे नाव आहे. आणि नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेच्या पाठीमागे चित्र आहे ते तिचे, मडके घडवीत असतानाचे.